दोन ख्रिस्ती गीतें : दंतकथा आणि अस्सल कागद

इ. स. १९९५ सालीं ऑस्ट्रिया देशांत स्वरलेखनाचा एक जुना कागद उजेडांत आला. दोन कंठ आणि गिटार यांच्यासाठीं बसविलेलें एक नाताळचें गीत त्यावर लिहिलेलें असून, कागदाच्या कोपऱ्यांत कवितेच्या कर्त्याचें नांव, त्याचा हुद्दा आणि ‘१८१६’ हें साल एवढी नोंद आहे. हा कागद आतां साल्झबुर्ग येथील संग्रहालयांत आहे. ‘श्टिले नाख्ट’ म्हणजे ‘शांत रात्र’ हें तें गीत होय. मूळ जर्मन भाषेंतून तें जगांतील बहुतेक सर्व मोठ्या भाषांत गेलें असून मराठी ख्रिस्ती मंडळ्यांतहि तें नाताळांत गाइलें जातें. परंतु गीत इतकें सर्वश्रुत असतांना त्याच्या जन्माचें साल मात्र या कोपऱ्यांतील नोंदीपर्यंत लोक चुकीचें धरीत आले होते.

स्तोत्रवाङ्मयाचा आमचा परिचय संस्कृताच्या वाटेनें झालेला आहे. त्या वाटेवर एक अनुभव वारंवार येतो. स्तोत्र जितकें लोकप्रिय, तितकी त्याच्या उत्पत्तीची कथा अद्‌भुत. पंडितराज जगन्नाथाच्या गंगालहरीचा एकेक श्लोक म्हटला जातांच गंगा घाटाची एकेक पायरी चढून वर आली, ही कथा कोणास ठाऊक नाहीं? कथा गोड आहे. परंतु जगन्नाथाचा काळ, त्याचा आश्रय आणि त्याच्या काव्याचा अर्थ ठरवितांना ती उपयोगी पडत नाहीं. ख्रिस्ती गीतांचीहि हीच अवस्था आहे. फरक इतकाच कीं, त्यांतील कित्येकांचे मूळ कागद टिकले आहेत, आणि त्यामुळें कथा व कागद समोरासमोर ठेवून पाहतां येतात. अशीं दोन गीतें आम्हीं या लेखासाठीं निवडलीं आहेत. पहिल्याचा विचार विस्तारानें व दुसऱ्याचा संक्षेपानें करूं.

(१) नाताळच्या गीताची दंतकथा

प्रचलित कथा अशी. साल्झबुर्गच्या उत्तरेस साल्झाख नदीच्या कांठीं ओबर्नडॉर्फ नांवाचें नावाड्यांचें गांव. तेथील संत निकोलसाच्या देवालयांत १८१८ सालच्या नाताळच्या आदल्या दिवशीं ऑर्गन वाजेनासा झाला. उंदरांनीं त्याचा भाता कुरतडला होता. उपासना सुनी जाणार म्हणून तरुण धर्मगुरु योझेफ मोर व्याकुळ झाला. बर्फांतून हिंडतां हिंडतां त्यास स्फूर्ति होऊन त्यानें त्याच दिवशीं कविता रचली. शेजारच्या गांवचा शाळामास्तर फ्रान्झ झावेर ग्रूबर यानें कांहीं तासांत तिला चाल लावली, आणि मध्यरात्रीं गिटारीच्या साथीवर दोघांनीं तें गीत गाइलें.

या कथेंत स्थळ, माणसें, गिटार आणि ती रात्र हीं खरीं आहेत. उंदीर, बिघडलेला ऑर्गन आणि एका दिवसांत स्फुरलेली कविता यांची गोष्ट निराळी. तीं कोठून आलीं हें पाहण्यासाठीं प्रथम प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराची कैफियत तपासली पाहिजे.

(२) ग्रूबरची कैफियत

ही कैफियत लिहिली जाण्याचें कारणहि मोठें बोधप्रद आहे. १८५४ सालीं बर्लिन येथील राजदरबारच्या गायनमंडळाकडून साल्झबुर्गच्या संत पीटरच्या मठाकडे विचारणा आली. त्या वेळीं हें गीत मिखाएल हायडन या ख्यातनाम संगीतकाराचें असावें असा समज पसरला होता, आणि बर्लिनकरांस त्याची मूळ प्रत हवी होती. विचारणा ग्रूबरच्या मुलाच्या द्वारें ग्रूबरपर्यंत पोंचली. ग्रूबर तेव्हां सदुसष्ट वर्षांचा असून हालाइन या गांवीं देवालयाच्या गायनवृंदाचा प्रमुख होता. योझेफ मोर १८४८ सालींच वारला होता. म्हणजे त्या रात्रीं गाणाऱ्या दोघांपैकीं बोलूं शकणारा हा एकटाच उरला होता. त्यानें ३० डिसेंबर १८५४ या तारखेस गीताच्या उत्पत्तीची हकीकत लिहून काढली आणि सोबत आपल्या चालीची नक्कल जोडली.

या हकीकतींतील मजकूर थोडक्यांत असा : १८१८ सालच्या डिसेंबरच्या २४ तारखेस ओबर्नडॉर्फ येथील नव्यानें स्थापलेल्या संत निकोलसाच्या धर्मग्रामाचा साहाय्यक धर्मगुरु योझेफ मोर यानें तेथें ऑर्गन वाजविण्याचें काम पाहणाऱ्या व आर्न्सडॉर्फ येथें शाळामास्तर असणाऱ्या ग्रूबरच्या हातीं एक कविता दिली, आणि दोन एकल कंठ, गायनवृंद व गिटारीची साथ यांस जुळेल अशी चाल करावी अशी विनंति केली. ग्रूबरनें त्याच संध्याकाळीं आपली साधी रचना नेऊन दिली, आणि ती त्या पवित्र रात्रीं सर्वांच्या पसंतीस उतरली. पुढें एका झिलरटालच्या माणसाकडून तें गीत टिरोल प्रांतांत गेलें व लाइप्झिग येथील एका संग्रहांत थोड्या फेरफारानें छापलें गेलें. म्हणून मुळाबरहुकूम प्रत सोबत जोडीत आहों, असा शेवट आहे.

आतां या कैफियतींत काय आहे याइतकेंच काय नाहीं हेंहि पाहिलें पाहिजे. तींत ऑर्गन बिघडल्याचा एक शब्द नाहीं. उंदरांचें नांव नाहीं. ज्या माणसाच्या हातीं तो ऑर्गन होता त्यानेंच ही हकीकत लिहिली आहे. वाद्य बंद पडलें हेंच गिटारीचें कारण असतें तर तें त्यास आठवलें नसतें, असें म्हणणें कठीण. वाद्य जुनें व सदोष असणें अगदीं संभवनीय आहे, कारण १८२५ सालीं तेथें नवा ऑर्गन बसविण्यांत आला. परंतु त्यावरून त्या रात्रीं तो बंद होता असें सिद्ध होत नाहीं. उंदीर तर फारच उशिरां, कथाकारांच्या लेखणींतून या देवालयांत शिरले.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. कविता २४ डिसेंबर रोजीं ‘हातीं दिली’ असें ग्रूबर म्हणतो. ती त्या दिवशीं ‘रचली’ असें तो कोठेंहि म्हणत नाहीं. वाचणाऱ्यांनीं देणें आणि रचणें हीं एकच समजलीं, आणि १८१८ हें कवितेचें साल म्हणून ग्रंथांतून, शिलालेखांतून आणि भाषणांतून कायम झालें. शाळेंत असतांना आम्ही मुलांस सांगत असूं कीं क्रियापद नीट वाचा. कर्ता व कर्म हीं बहुधा नजरेस पडतात, क्रियापदच निसटतें. त्याचें याहून चांगलें उदाहरण आम्हांस आढळलें नाहीं.

(३) दस्तुरखुद्द कागद

१९९५ पूर्वीं या गीताची मोरच्या हातची एकहि प्रत ठाऊक नव्हती. ग्रूबरच्या हातच्या कांहीं प्रती होत्या, परंतु त्या निरनिराळ्या प्रसंगीं, निरनिराळ्या वाद्यमेळासाठीं केलेल्या. १८१८ च्या त्या रात्रीं समोर ठेवून गाइलेला कागद तर आजहि उपलब्ध नाहीं. अशा स्थितींत मोरच्या हातचा कागद सांपडला, आणि अक्षर व इतर लक्षणें यांवरून तो १८२० ते १८२५ या दरम्यानचा असावा असें तज्ज्ञांनीं ठरविलें.

त्यावरील नोंदीचा अर्थ असा : कविता योझेफ मोर याची, साहाय्यक धर्मगुरु असतांना, १८१६, आणि चाल फ्रान्झ झावेर ग्रूबर याची. मोरच्या नांवापुढें एक आंखूड चिन्हवजा शब्द आहे. ‘मानु प्रोप्रिया’ या लॅटिन पदांचें तें संक्षिप्त रूप असून त्याचा अर्थ ‘स्वतःच्या हातानें’ असा होतो. आमच्या वाचकांस हें समजावून सांगण्याचें प्रयोजन नाहीं. आपल्याकडील पत्रांत ‘दस्तुरखुद्द’ हा शब्द जें काम करतो तेंच हें काम होय. कारकुनाच्या हातची नक्कल आणि धन्याच्या हातचा मजकूर यांतील भेद दाखविण्यासाठीं दोन्ही देशांच्या लेखनपद्धतींनीं सारखीच सोय केलेली दिसते.

या कागदाचें वजन किती, हें आतां तोलून पाहूं. तो १८१६ चा नव्हे. म्हणजे घटनेनंतर चार ते नऊ वर्षांनीं लिहिलेला आहे. परंतु लिहिणारा स्वतः कवि आहे, आणि आपली कविता कोणत्या सालची याविषयीं इतक्या अल्प काळांत त्याची चूक व्हावी असें कारण दिसत नाहीं. शिवाय १८१६ असें लिहून त्याचा कांहीं लाभ नव्हता. त्या काळीं गीताला कीर्ति नव्हती, वाद नव्हता, कोणी मूळ प्रत मागत नव्हतें. ज्या विधानापासून विधान करणाऱ्यास कांहीं मिळावयाचें नसतें, त्यावर संशोधकानें अधिक विश्वास ठेवावा, हा आपला नेहमींचा नियम येथें लागू पडतो. ‘साहाय्यक धर्मगुरु’ हा हुद्दा मात्र स्थळ ठरविण्यास पुरेसा नाहीं, कारण तोच हुद्दा त्यास ओबर्नडॉर्फ येथेंहि होता. स्थळ सालावरून ठरतें. १८१५ च्या ऑगस्टांत धर्मदीक्षा घेतल्यावर मोर लुंगाऊ या डोंगराळ भागांतील मारियाफार या गांवीं नेमला गेला आणि १८१७ पर्यंत तेथें होता. त्याच्या पित्याचें घराणेंहि त्याच भागांतलें. तेव्हां कविता मारियाफार येथें झाली. ओबर्नडॉर्फ येथें तिला दोन वर्षांनीं चाल मिळाली.

ग्रूबरची कैफियत आणि मोरचा कागद यांत विरोध मात्र मुळींच नाहीं, हें ध्यानांत ठेवावें. ग्रूबरनें चालीचा दिवस सांगितला, मोरनें कवितेचें साल सांगितलें. विरोध होता तो वाचकांच्या समजुतीशीं.

(४) १८१६ साल आणि गीताचा अर्थ

कोणी म्हणेल कीं दोन वर्षें मागें किंवा पुढें, त्यानें एवढें काय होतें? आमचें उत्तर असें कीं, १८१८ हें साल बिघडलेल्या वाद्याकडे बोट दाखवितें, तर १८१६ हें साल बिघडलेल्या जगाकडे.

नेपोलियनच्या युद्धांत साल्झबुर्गचें जुनें धर्मराज्य १८०३ सालीं लयास गेलें होतें. त्यानंतर तेरा वर्षांत तो प्रदेश एका राज्याकडून दुसऱ्याकडे गेला, फ्रेंच व बव्हेरियन सैन्यांच्या टांचांखालीं आला, आणि अखेर १८१६ च्या मे महिन्यांत ऑस्ट्रियाच्या स्वाधीन झाला. साल्झाख नदी ही सरहद्द ठरल्यामुळें लाउफेन हें शहर बव्हेरियांत राहिलें आणि पलीकडच्या तीरावरील त्याचेंच उपनगर ओबर्नडॉर्फ ऑस्ट्रियांत पडलें. ग्रूबरनें आपल्या कैफियतींत ‘नव्यानें स्थापलेला धर्मग्राम’ असें जें म्हटलें आहे, त्यामागें हा इतिहास आहे. मिठाच्या होड्यांवर पोट भरणाऱ्या गांवाची नदी एका तहानें सरहद्द होऊन बसली. त्यांत १८१५ च्या एप्रिलांत सुम्बावा बेटावरील तांबोरा ज्वालामुखीचा स्फोट होऊन पुढील वर्षीं युरोपांत उन्हाळाच आला नाहीं. पिकें बुडालीं आणि मध्य युरोपांत दुष्काळ पडला.

मूळ कवितेस सहा कडवीं आहेत. सामान्यतः गाइलीं जातात तीं तीनच : पहिलें, सहावें व दुसरें, तींहि बहुधा याच क्रमानें. इंग्रजींतील सर्वांत रूढ भाषांतर जॉन फ्रीमन यंग यानें १८५९ सालीं प्रसिद्ध केलें. तेंहि याच तीन कडव्यांचें. या तिहींत रात्रीची शांति, निजलेलें बालक, मेंढपाळ व देवदूत एवढेंच चित्र येतें, आणि त्यामुळें हें केवळ अंगाईगीत आहे असें वाटतें. गळलेल्या तीन कडव्यांत कवीची दृष्टि गोठ्यांतून बाहेर जगाकडे वळते. चौथ्यांत पृथ्वीवरील सर्व जनसमूहांस बंधुत्वानें एकत्र आणणाऱ्या प्रेमाचा उल्लेख आहे, आणि पांचव्यांत ईश्वराचा कोप निवळून साऱ्या जगास अभय मिळाल्याचा. सैन्यें नुकतींच परत गेलेल्या प्रांतांत, तेवीस वर्षांच्या तरुण धर्मगुरूनें ‘सर्व जनसमूह’ असे शब्द योजावे, याला अर्थ आहे. अर्थात् कविता युद्धाचें किंवा दुष्काळाचें नांव घेत नाहीं, आणि तीं तिचें कारण होत असें आम्ही म्हणत नाहीं. कागद तेवढें सांगत नाहीं. परंतु साल बरोबर लागल्यावर तीं तीन कडवीं उपरीं वाटत नाहींत, आणि पहिल्या कडव्यांतील शांति ही नुसती निजेची शांति राहत नाहीं.

(५) कर्त्यांचीं नांवें कशीं लोपलीं

गीत जगभर गेलें आणि कर्ते मागें राहिले. हें कसें घडलें त्याचा मागहि कागदांवरूनच लागतो. झिलरटाल खोऱ्यांतील कार्ल माउराखर हा ऑर्गन बांधणारा कारागीर ओबर्नडॉर्फ येथें कामास येत असे. गीत त्यानें आपल्या खोऱ्यांत नेलें. त्या खोऱ्यांतलीं कांहीं कुटुंबें हातमोजे वगैरे माल घेऊन दूरदूरच्या जत्रांस जात आणि गिऱ्हाइकें जमविण्यासाठीं आपल्याकडचीं गाणीं गात. त्यांपैकीं श्ट्रासर भावंडांनीं १८३१–३२ च्या सुमारास लाइप्झिग येथें हें गीत गाइलें. राइनर कुटुंबानें तें १८३९ सालीं अमेरिकेंत न्यूयॉर्क येथें ऐकविलें. त्याच्या कांहीं वर्षें आधीं, १८३३ च्या सुमारास, ड्रेस्डेन येथील फ्रीझ या प्रकाशकानें तें छापलें होतें. छापील संग्रहाचें नांव होतें ‘चार अस्सल टिरोली गीतें’. त्यांत ना मोरचें नांव, ना ग्रूबरचें.

‘अस्सल’ हा शब्द मुखपृष्ठावर असावा आणि आंत गीत दुसऱ्याच प्रांतांतलें, कर्त्यांचीं नांवें गाळलेलें व चालींत फेरफार केलेलें असावें, ही गोष्ट जुन्या बाजारांत हिंडणाऱ्या कोणाहि संग्राहकास नवी वाटणार नाहीं. एकदां कर्ता नाहींसा झाला कीं गीत एक तर लोकगीत होतें, नाहीं तर कोणा थोर पुरुषाच्या नांवावर चढतें. हायडनच्या बाबतींत दुसरी गोष्ट घडली. आपल्याकडेहि निनांवी सुभाषित कालिदासाचें आणि निनांवी अभंग तुकोबांचा होतो, तो याच न्यायानें.

ज्यांचीं नांवें गळालीं ते दोघे कोण होते? ग्रूबर हा विणकराचा मुलगा. शाळा, घंटा, ऑर्गन व देवालयाची झाडलोट हीं सर्व कामें खेड्यांतल्या मास्तराकडे असण्याचे ते दिवस. त्याच तुटपुंज्या मिळकतीवर त्यानें आर्न्सडॉर्फ येथें वीस वर्षांहून अधिक काळ काढला. मोरची स्थिति याहून बिकट. तो साल्झबुर्ग शहरांत १७९२ सालीं एका अविवाहित विणकामकरी स्त्रीच्या पोटीं जन्मला. बाप सैन्यांतून पळालेला शिपाई. बाप्तिस्म्याच्या नोंदींत धर्मपिता म्हणून शहराच्या फांशी देणाराचें नांव आहे. देवालयाच्या गायनवृंदांतील हीर्न्ले नांवाच्या धर्मगुरूनें मुलाचा गळा व बुद्धि हेरून त्यास शिकविलें. अनौरस म्हणून दीक्षा घेण्यासाठींहि त्यास खास परवानगी काढावी लागली. ओबर्नडॉर्फ येथें तो दोनच वर्षें होता, आणि तेवढ्यांत त्याचा वरिष्ठ त्याच्या थट्टेखोर व मोकळ्या वागण्याविषयीं तक्रारी करून चुकला होता. पुढें गांवोगांव बदल्या होत होत तो वाग्राइन येथें ४ डिसेंबर १८४८ रोजीं निर्धन स्थितींत वारला.

त्याची एकहि विश्वसनीय तसबीर नाहीं. १९१२ सालीं स्मारकाची मूर्ति घडवावयाची ठरली तेव्हां चेहरा कसा असेल याचा अंदाज घेण्यासाठीं त्याची कवटी थडग्यांतून काढावी लागली, आणि ती पुढें ओबर्नडॉर्फच्या स्मारकमंदिराच्या भिंतींत बसविण्यांत आली. मूळ देवालय नदीच्या पुरांनीं निकामी होऊन विसाव्या शतकाच्या आरंभीं पाडलें गेलें. त्याच जागीं हें लहानसें मंदिर उभें राहून १९३७ सालीं त्याचा विधि झाला. त्याची गिटार मात्र हालाइन येथें आजहि पाहावयास मिळते. देवालय गेलें, मुद्रा गेली, त्या रात्रींचा कागदहि गेला. जगलें तें दुसऱ्या एका कागदाच्या कोपऱ्यांतलें स्वहस्ताक्षर. आम्ही या गोष्टीचा विचार करतों तेव्हां आमच्या मनांत त्या तरुणाविषयीं करुणा दाटून येते. ज्याच्या जन्मनोंदींत बापाचें घर नव्हतें, त्यानें आपल्या कवितेच्या जन्माची नोंद मात्र नीट करून ठेवली होती.

(६) दुसरें गीत : न्यूटनची वही

दुसरें गीत इंग्रजी आहे. ‘अमेझिंग ग्रेस’ या नांवानें तें प्रसिद्ध असून त्याचा अर्थ ‘विस्मयकारक कृपा’ असा होईल. त्याची दंतकथा अशी कीं, गुलामांच्या व्यापारांतील एक कप्तान समुद्रांत वादळांत सांपडला, त्यास पश्चात्ताप झाला, त्यानें गुलामांस सोडून दिलें आणि जहाजावरच हें गीत रचलें. कागद काय सांगतात तें पाहूं.

जॉन न्यूटन हा १७२५ सालीं लंडन येथें जन्मला. ‘ग्रेहाउंड’ नांवाच्या जहाजावर १७४८ च्या मार्चांत तो वादळांत सांपडला, ही गोष्ट खरी. जुन्या इंग्रजी गणनेप्रमाणें तो दिवस १० मार्च होता. परंतु तेव्हां तो कप्तान नव्हता. कप्तान तो पुढें झाला, आणि १७५० ते १७५४ या काळांत त्यानें गुलाम वाहून नेणाऱ्या जहाजांवर तीन सफरी केल्या. म्हणजे गुलामांच्या जहाजाचें आधिपत्य त्यानें केलें तें वादळानंतर, पश्चात्तापानंतर. समुद्र त्यानें सोडला तो प्रकृति बिघडल्यामुळें. १७६४ सालीं तो ओल्नी या गांवीं धर्मगुरु झाला. तेथें विल्यम कूपर या कवीशीं त्याचा स्नेह जडला, आणि दोघांच्या गीतांचा ‘ओल्नी हिम्स’ हा संग्रह १७७९ सालीं छापला गेला. हें गीत त्यांतील पहिल्या भागांत आहे.

न्यूटन आपल्या प्रवचनांचीं टिपणें वहींत लिहून ठेवी. अशी एक वही लंडनमधील लॅम्बेथ राजवाड्याच्या ग्रंथालयांत आहे. तींत १ जानेवारी १७७३ रोजींच्या प्रवचनाचें टिपण असून त्याचा आधार बायबलांतील इतिहासाच्या पहिल्या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायांतील दावीद राजाचे उद्गार हा आहे. आपण कोण, आपलें घराणें काय, आणि देवानें येथवर कां आणलें, असा दावीद तेथें विचार करतो. छापील संग्रहांत गीताच्या माथ्यावर हाच अध्याय दिलेला असून ‘श्रद्धेचें सिंहावलोकन आणि अपेक्षा’ अशा अर्थाचा मथळा आहे. टिपणांतील विचारांचा क्रम व गीताच्या कडव्यांचा क्रम जुळतो. त्यावरून गीत त्या नववर्षाच्या उपासनेसाठीं झालें असें जें अनुमान केलें जातें, तें योग्य आहे. वादळाला तेव्हां जवळजवळ पंचवीस वर्षें झालीं होतीं. तें गीत समुद्रावरचा आक्रोश नव्हे. वर्षारंभीं खेड्यांतल्या गरीब लोकांपुढें मांडलेला मागचा जमाखर्च आणि पुढची आशा असें त्याचें स्वरूप आहे.

त्याची चाल न्यूटनची नाहीं. आज जी सर्वत्र ऐकूं येते ती ‘न्यू ब्रिटन’ नांवाची चाल विल्यम वॉकर यानें अमेरिकेंत १८३५ सालीं छापलेल्या संग्रहांत प्रथम या शब्दांशीं जोडलेली आढळते. दहा हजार वर्षांचा उल्लेख असणारें सध्यांचें शेवटचें कडवेंहि न्यूटनचें नाहीं. तें दुसऱ्याच एका गीतांतलें. ‘अंकल टॉम्स केबिन’ या १८५२ सालच्या कादंबरींत टॉम हा गुलाम तें या गीतास जोडून गातो, आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं एडविन एक्सेल यानें आपल्या संग्रहांत तें या गीताचें शेवटचें कडवें म्हणून छापल्यावर न्यूटनचीं अखेरचीं कडवीं बहुतेकांच्या गाण्यांतून गळालीं. प्रक्षेप कसा शिरतो आणि शिरल्यावर मूळ पाठासच कसा बाहेर ढकलतो, हें महाभारताच्या पोथ्या ताडून पाहणाऱ्यांस सांगावयास नको. येथें मात्र प्रक्षेपाचा मार्ग छापील पुस्तकांवरून पायरी पायरीनें दाखवितां येतो, ही दुर्मिळ संधि आहे.

गुलामगिरीविषयीं न्यूटननें जाहीरपणें तोंड उघडलें तें १७८८ सालीं, आफ्रिकेंतील गुलामांच्या व्यापारावर लिहिलेल्या पुस्तिकेंत. समुद्र सोडून तेव्हां चौतीस वर्षें झालीं होतीं. त्या पुस्तिकेंत त्यानें आपला स्वतःचा सहभाग लपविला नाहीं, आणि कबुलीस फार उशीर झाला हेंहि मान्य केलें. ब्रिटिश पार्लमेंटनें १८०७ च्या मार्चांत तो व्यापार बंद केला. त्याच वर्षीच्या डिसेंबरांत न्यूटन वारला. दंतकथेंत एका रात्रींत माणूस पालटतो आणि जहाजांतील कैदी मोकळे होतात. कागदांत तो पालटण्यास आयुष्य लागतें, आणि ज्यांस त्यानें विकलें त्यांच्यापैकीं कोणीहि परत येत नाहीं. दंतकथा स्वीकारली तर त्या माणसांचा हिशेब गाण्याच्या गोडींत बुडून जातो. म्हणूनच ती खोडून काढणें ही आम्ही निव्वळ तारखांची बाब समजत नाहीं.

(७) समारोप

भाविक वाचकास असें वाटण्याचा संभव आहे कीं, संशोधक गीतांचा रस काढून घेतो. आमचा अनुभव उलट आहे. उंदीर गेले तेव्हां १८१६ सालांतलें जग आंत आलें. वादळांतली कथा गेली तेव्हां दाविदाचा प्रश्न स्पष्ट ऐकूं आला. दंतकथा कवितेचें कारण एकाच प्रसंगांत बंद करते. कागद तें कवीच्या आयुष्यांत आणि त्याच्या काळांत मोकळें सोडतो.

आपल्या भाषेंतील ख्रिस्ती वाङ्मयासहि हा विचार लागू आहे. फादर स्टीफन्सचें ‘क्रिस्तपुराण’ १६१६ सालीं गोमंतकांत राचोल येथें छापलें गेलें आणि त्याच शतकांत पुन्हां दोनदां छापलें गेलें. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकहि प्रत आज उपलब्ध नाहीं. ग्रंथ वांचला तो हस्तलिखित प्रतींमुळें. अशाच प्रतींवरून १९०७ सालीं मंगळूर येथें साल्डान्हा यांनीं तो रोमन लिपींत छापला, आणि देवनागरी लिपींतील प्रत लंडन येथें मार्सडेन याच्या संग्रहांत निघाली. छापलेलें नाहींसें झालें व लिहिलेलें उरलें, ही गोष्ट हस्तलिखितांच्या संग्राहकांनीं अभिमानानें सांगण्याजोगी आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं आरंभिलेलें ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनीं पुरें केलें. येथें हात कोठें बदलला हें आपणांस कळतें, कारण सांगणारीं माणसें होतीं व त्यांनीं सांगून ठेवलें. ज्या भजनांच्या वह्या अद्याप घरोघरीं, पेट्यांत व माळ्यांवर पडून आहेत, त्यांच्याविषयीं असें सांगणारें पुढें कोणी असेलच असें नाहीं.

म्हणून संग्राहकांस आमची इतकीच विनंति आहे. जुनी वही हातीं आली म्हणजे मजकुराच्या आधीं कोपरे पाहावे. बांधणी करतांना कडा छाटूं नयेत. मलपृष्ठावरील नांव, साल, ‘हस्ताक्षर अमक्याचें’ असा अर्धवट शेरा, शाईचा दुसरा रंग, बदललेला हात, यांतील कांहींहि क्षुल्लक समजून टाकूं नये. पोथीच्या शेवटच्या पानावर लेखक आपलें नांव, गांव व शक घालून वाचकांची क्षमा मागतो, आणि पुष्कळदां तेंच पान सर्वांत आधीं झिजून गळून पडतें. तें जेथें शाबूत असेल तेथें त्याची नक्कल आजच करून ठेवावी. योझेफ मोर यानें आपलें नांव व साल लिहिलें तेव्हां तें कोणी वाचील अशी त्यास कल्पनाहि नसेल. पावणेदोनशें वर्षांनीं तें वाचलें गेलें, कारण मधल्या काळांत ज्या ज्या हातांतून तो कागद गेला, त्यांपैकीं एकाहि हातानें तो कोपरा फाडला नाहीं.